दुसरा भाग

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, एवढी पुस्तकं वाचणारी बाई म्हणजे मोठी धीट असणार. कसलं काय! अजूनही कुठल्याही वाचनालयात पाऊल टाकलं की आधी मी बाहेर पडायचं दार हेरून ठेवते आणि मग पुस्तकं बघते. वाचल्याशिवाय झोप येत नाही, आणि वाचनालयाची पायरी चढताना पाय जड होतात, अशी माझी गत आहे. घरात कुणालाच मी याचं कारण सांगितलेलं नाही.

आम्ही प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील वर्कशॉपात फिटर होते. घरात पंचांग सोडलं तर पुस्तक म्हणून नव्हतं. माझी सगळी पुस्तकं लहरीपुऱ्याजवळच्या एका गल्लीत होती. खाली सायकलचं दुकान, वर लाकडी जिना चढून वाचनालयाच्या दोन खोल्या. एका भिंतीला गुजराती कपाटं, समोरच्या भिंतीला मराठी. सांभाळायला एक गुजराती बाई होत्या, त्यांना लहानथोर सगळे नुसतं बेन म्हणत. मुलांना वर्गणी नव्हती, पण पुस्तक घरीही नेता यायचं नाही. शाळा सुटल्यावर यायचं, बाकावर बसून सहापर्यंत वाचायचं, पुस्तक जागेवर ठेवायचं आणि निघायचं.

सातवीत असताना मोठ्यांच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी माझ्या हाती लागली. दोन भागांची. घर सोडून गेलेल्या एका मुलीची गोष्ट होती. पहिला भाग संपला आणि मला खाणंपिणं सुचेना. दुसरा भाग कुणी घरी नेला तर? नेला म्हणजे पंधरा दिवस गेलाच. नुसत्या विचारानं जीव खालीवर व्हायला लागला. मग मी एक शक्कल काढली. सहा वाजता निघताना तो भाग मराठी कपाटात ठेवायच्या ऐवजी समोरच्या गुजराती कपाटात, वैद्यकीच्या ठोकळ्यांच्या मागे सरकवून दिला. मराठी माणसं त्या कपाटाकडे फिरकत नसत, आणि गुजराती वाचकांना हिरडे-बेहडे नको असायचे. दुसऱ्या दिवशी काढायचा, वाचायचा, पुन्हा मागे सरकवायचा. स्वतःच्या अकलेवर मी भलतीच खूश होते.

असे दहाबारा दिवस गेले आणि एक आजोबा आले. निवृत्त शिक्षक होते, मुलाकडे, लांब समा भागातल्या एका सोसायटीत राहायचे, दोन बस बदलून यायचे. त्यांनी पहिला भाग बेनच्या टेबलावर ठेवला आणि दुसरा मागितला. बायको अंथरुणाला खिळली होती, तिला ते रोज दुपारी मोठ्यानं वाचून दाखवायचे, असं बेनशी बोलताना कळलं. बेननी कपाट धुंडाळलं, रजिस्टर पाहिलं. पुस्तक कुणी नेलेलं नाही आणि जागेवरही नाही. नेईल कोण? तो माझ्या मांडीवर उघडा होता! मी तो हळूच भूगोलाच्या वहीखाली ढकलला. 

तेव्हाच उठून दिला असता तर काय बिघडलं असतं? पण लपवाछपवी कळली तर बेन मला पुन्हा जिना चढू देणार नाहीत, याची भीती. आणि खरं सांगायचं तर माझा वाचून व्हायचा होता. मेला तो स्वार्थ.

आजोबा दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही आले. बेन आता रडकुंडीला आल्या होत्या, कारण उद्यापासून वाचनालय पंधरा दिवस बंद राहणार होतं. पुस्तकांची मोजणी होती, आणि एक जरी कमी भरलं तरी चिटणीस त्यांनाच धारेवर धरणार होते. त्याच दुपारी मी शेवटचं पान वाचून संपवलं होतं. आता तो भाग गुपचूप मराठी कपाटात ठेवून मोकळी होते म्हटलं, तर बेन तिथून हलायला तयार नाहीत. आजोबा त्यांच्याजवळ उभे होते. म्हणाले, "डॉक्टरांनी आठवडा म्हटलंय. ती सारखी विचारते, गोष्टीतली मुलगी घरी पोचली का?"  आजोबा जिना उतरायला लागले.

मी काय करतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. पुस्तक दप्तरात कोंबलं आणि बेनची पाठ आहे असं बघून धावत सुटले. आता कुणीतरी मागून हाक मारणार, चोर म्हणून धरणार, वडिलांना वर्कशॉपातून बोलावणार, असं वाटून मी मागे वळूनही बघितलं नाही. बसच्या थांब्यावर आजोबांना गाठलं आणि पुस्तक पुढे केलं.

त्यांनी ते उघडलं, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहिली.

"यावर शिक्का नाही."

मी ततपप करत सगळं सांगून टाकलं. कपाट, वैद्यकीची पुस्तकं, भूगोलाची वही, सगळं. ते रागावले नाहीत. जन्मभर मुलांना खरेपणा शिकवलेला माणूस, पुस्तक हातात धरून नुसता उभा राहिला. बस आली तेव्हा त्यांनी ते पिशवीत घातलं. "कुणाला काही सांगू नकोस. मी बघतो," एवढंच म्हणाले आणि चढले.

ते पंधरा दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. दारावर कुणी टकटक केलं की मी न्हाणीघरात जाऊन उभी राहायची. आईला वाटलं, परीक्षेचं टेन्शन.

वाचनालय उघडलं त्या दिवशी चिटणीस स्वतः येऊन बसले होते आणि सगळ्यांदेखत बेनना बोलत होते. एक पुस्तक कमी भरलं होतं. इतकी वर्षं ठेवलं, आता दुसरं माणूस बघावं लागेल, असं म्हणाले. बेन पदर बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. मी बाकावर. तेवढ्यात आजोबा आले. त्यांनी पिशवीतून दुसरा भाग काढून चिटणिसांसमोर ठेवला.

"मी न विचारता नेलं होतं. बाईंची काही चूक नाही."

बेन त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काका, तमे?" त्यांच्या तोंडून निघालं. चिटणिसांचाही आवाज खाली आला, पण नियम तो नियम. त्यांनी कार्ड मागितलं. आजोबांनी खिशातून काढून दिलं. मळलेलं, कडा झिजलेलं कार्ड. चिटणिसांनी रजिस्टरमध्ये त्यांच्या नावावर रेघ ओढली. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच.  भीतीनं मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

जाताना आजोबा माझ्यापाशी थांबले. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"ती गेली परवा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "एकोणीस पानं राहिली. शेवटच्या दिवशीही विचारत होती, पोचली का म्हणून. पुढची पानं चाळून सांगता आलं असतं. पण आम्ही तसं कधी केलं नव्हतं."

मी मान वर केली नाही. त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाताना ऐकत राहिले.

ती मुलगी घरी पोचते. मला माहीत होतं. त्या दिवशी बसच्या थांब्यावर माझं वाचून झालेलं होतं, आणि मी फक्त माझ्या लपवाछपवीचंच सांगत बसले.