विहिरीचा धडा

पाचोऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मंदाबाई खिचडी शिजवायची. वर्ग चार, खोल्या दोन आणि सर एकच, ललित सर. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि येईल तो साहेब ती लवकरच भरू म्हणून जायचा. ललित सरांच्या मागे मतदार याद्या, प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती असलं शुक्लकाष्ठ कायमचं. ते बाहेर पडले की मंदाबाई झारा घेऊन दारात उभी राहायची आणि "वाचा रे" म्हणून दम भरायची. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. पोरांचा आवाज येतोय म्हणजे अभ्यास चाललाय, एवढंच तिला कळायचं.

तिची नात वृषाली चौथीत होती. बाप प्रशील जळगावला डाळमिलमध्ये, म्हणून पोर आजीकडे. आमच्या घरातली पहिली वाचणारी बाई, पुढच्या वर्षी पाचोऱ्याच्या मोठ्या शाळेत जाणार, हे मंदाबाईने नळावर इतक्यांदा सांगितलं होतं की बायका तिला बघून आधीच हंडे उचलायच्या. "आमच्या गावाला एक विहीर आहे" हा धडा वृषाली ओळीवर बोट फिरवत खणखणीत म्हणायची, आणि आजीचं ढवळणं त्याच तालावर चालायचं.

तपासणीला साहेब आले. 'एक साथ नमस्ते' झालं. सरांनी वृषालीला उभं केलं. ती वाचत असताना खिडकीतून वारा आला आणि पान उलटलं. विहिरीचं चित्र गेलं, उंट आला. पोरीचं बोट उंटाखालच्या ओळींवरून फिरत राहिलं आणि तोंडातून विहीरच येत राहिली. साहेब मोबाइलवर फोटो काढण्यात गुंतले होते. "छान," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. दारात उभ्या मंदाबाईने हातातली ताटं खाली ठेवली आणि तिनेही वाजवल्या.

संध्याकाळी तिने पुस्तक उघडून दारातून दिसलेलं उंटाचं पान नातीपुढे धरलं.

"हाई वाच."

वृषाली पान मागे उलटायला लागली.

"वाच ना."

"माले विहीरना धडा येस, आजी. हाऊ भूषणले देल शे. सरनी बठ्ठा पोरेस्ले एकेक धडा पाठ कराले देल शे."

मंदाबाईला रडू आलं नाही, रागही आला नाही. सरांना बोलावं तर एकटा माणूस चार वर्ग कसे रेटणार. आणि वाचा रे म्हणणारी तर ती स्वतःच होती. तिने पोरीला भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सर मीटिंगला गेले. मंदाबाईने तांदूळ धुतले, शेगडी पेटवली. आतून वृषालीचा आवाज सुरू झाला. ढवळता ढवळता तिच्या लक्षात आलं, आपलेही ओठ हलताहेत. शेवटच्या ओळीपर्यंत तिचा एक शब्द चुकला नाही. वृषालीइतकं वाचन तिलाही येत होतं.