विद्येची शपथ

त्या वर्षी मी खामगावच्या मुलींच्या शाळेत सातवीला शिकवत होते. नोकरीला दोनच वर्षं झालेली, त्यामुळे शहाणपण उतू जात होतं. वर्गातली तेरा वर्षांची एक मुलगी भर गणिताच्या तासाला पेंगायची, नाक-गाल खाजवत बसायची. हुशार होती, म्हणून मला जास्तच राग यायचा. बाकावर उभं केलं, तर उभ्याउभ्या डोळे मिटू लागली.

एकदा मधल्या सुट्टीत तिला एकटीला बसवून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. आई कापसाच्या जिनात कामाला. शाळेला निघण्याआधी ही सहाणेवर अफू उगाळून सात महिन्यांच्या भावाला चाटवायची, म्हणजे तो दुपारपर्यंत झोपायचा. शेजारची म्हातारी मधून डोकावून जायची. त्या वस्तीत घरोघरी हीच रीत होती. बोटाला उरलेली अफू ही स्वतः चाटायची. आता नाही चाटली, तर अंग मोडून यायचं.

मोठ्या बाईंना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाखला हातात पडला असता, आणि सातवीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. मी ठरवलं, हिला आपणच बरी करायची. पुस्तकावर हात ठेवून तिला विद्येची शपथ घ्यायला लावली, की यापुढे अफूला हात लावणार नाही. ही शपथ मोडली की विद्या जाते, असं मुली मनापासून मानत. मला ते सोयीचं होतं.

दोन दिवस ती आली. नाक वाहतंय, हातपाय थरथरताहेत. नकाशांच्या खोलीत मी तिला निजवलं, गुळाचं पाणी पाजलं. वर्गातल्या मुली आळीपाळीनं तिचे पाय चेपत होत्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. मी तर तिच्या दारातही गेले नव्हते.

तिसऱ्या दिवसापासून ती आली नाही. सहाव्या दिवशी घर शोधत गेले, तेव्हा कळलं. तिनं अफूला हात लावला नव्हता, म्हणजे भावालाही चाटवली नव्हती. आईला मात्र देते म्हणून सांगत राहिली. पोर रात्रंदिवस रडलं, दूध घेईना, जुलाब थांबेनात. आईला वाटलं, दात येताहेत. आदल्या दिवशी पोर गेलं होतं.

मुलगी कोपऱ्यात पोटाशी पाय घेऊन पडलेली. आईनं मला बसायला पोतं दिलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकदम नाई तोडत, बाई," ती म्हणाली. "रोज तिळतिळ कमी करा लागते. मले इचारलं असतं त सांगतलं असतं."

 मग तिनं मुलीकडे पाहिलं.

"हिले आता थोडीशी देऊ का नोको? तुमीच सांगा."