रंगीत चित्राच्या पुस्तकासाठी कुरखेड्याले

मले बुद्धाची जुनी, चित्रवाली पुस्तकं जमवाचा नाद आहे. शाळा नववीत सुटली, नाद नाई सुटला. चार पुस्तकं पेटीत आहेत, प्लास्टिकमंधी गुंडाळून. पाचवं कुरखेड्याजवळच्या गावात शांताबाईकडं आहे, जुन्या छापखान्याचं, रंगीत, असं मावशीनं सांगतलं अन् मी वरोऱ्याहून निघाली. एकटी. बोलाचं काम पडन म्हणून काय म्हणाचं ते रस्ताभर घोकत.

चिमूर, ब्रह्मपुरी, वडसा, मंग कुरखेडा. थेट गाडीची वाट पाहू नका, बदलत बदलत जा. बायांले अर्धं तिकीट. चिमूरच्या स्टँडवर तर्रीपोहे खा. वडशाच्या पुढं खिडकी सोडू नका. जंगल, धानाचे बांध, अन् चिखलात रोपं लावत, रोवणा करता करता गाणे म्हणणाऱ्या बाया.

शांताबाईच्या दारात चप्पल काढली, घातली, परत काढली. शेवटी म्हटलं, "बाई, ते पुस्तक मले द्याल का?"

"आता? आषाढी पौर्णिमेपासून विहारात वाचन चालू आहे वं! वर्षावासात पुस्तक हालत नाई."

वर्षावासाचे हे पावसाळ्यातले तीन महिने आमच्या घरीही पाळतात. माह्या डोक्शात फक्त पुस्तक!

"आलीच तं संध्याकाळी तू वाच."

"मी शाळा सोडली, बाई."

"मी तं पाह्यलीच नाई. वाच."

विहारात पांढऱ्या कपड्यावर पुस्तक होतं. कोपरे पार झिजलेले. माहा आवाज उंदरावाणी. मागून एक आजोबा म्हणे, "पोरी, आमाले सांगून राह्यली का एकट्या बुद्धाले?" सारे हासले, मीही हासली. मंग आवाज निघाला.

चित्र आलं तसं मी पान झटकन उलटवलं, कोणाचं बोट लागू नये म्हणून.

"थांब थांब!" पोरं ओरडले. इथी चित्र आलं का वाचणारा उठते अन् पुस्तक साऱ्यायसमोर फिरवते. मी फिरवलं. शांताबाईनं एका हरणावर बोट ठेवलं. "लहानपणापासून माहं बोट इथीच थांबते." कोपरे कशानं झिजले, ते समजलं.

जेवण त्यांच्याचकडं, भात अन् तरोट्याची रानभाजी. सकाळी निघताना त्यांनी इचारलं, "पुस्तक अजून पाह्यजे?"

"पाह्यजे."

"मंग आश्विन पौर्णिमेले खीर खाले ये. वाचन संपते. पुस्तक माह्याकडं राह्यते, पण आहे साऱ्या गावाचं. गावाले इचारू."

"गाव नाई म्हणन तं?"

"तं पुढच्या वर्षी वाचाले ये!"

रिकाम्या हातानं घरी आली. पेटीतल्या एका पुस्तकाचं प्लास्टिक काढलं अन् मोठ्यानं वाचाले बसली. चित्र आलं. आई चुलीपासून उठून आली. "इतके दिवस लपवून ठेवलं काऊन वं? इकडं फिरव."

फिरवलं. आईच्या बोटाले हळद होती. पानावर पिवळा ठसा उमटला. मी पुसला नाई.