भोयरांचा काटा आणि उलटं चाललेलं घड्याळ

वाडीला अमरावती रोडवर, गोदामांच्या रांगेत, नत्थूजी भोयरांचा धर्मकाटा आहे. भरलेला ट्रक लोखंडी फलाटावर चढतो, केबिनच्या खिडकीवरच्या पट्टीत लाल आकडे उमटतात, खालच्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघते आणि ट्रक उतरून जातो. नत्थूजींनी उभं आयुष्य या एवढ्याच गोष्टीवर काढलं. त्यांच्या काट्याबद्दल कधी कोणी वाईट बोललं नव्हतं. चांगलंही फारसं कोणी बोललं नव्हतं, पण काट्याची कीर्ती तशीच असते.

त्यांची मुलगी रितिका पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आली. परत का आली, याचं तिने दिलेलं उत्तर होतं, "तिथं ट्रॅफिक फार आहे." घरासमोरून रात्रंदिवस ट्रक जातात हे कोणी तिच्या लक्षात आणून दिलं नाही. ती गांधीबागेत सबनीस इन्स्ट्रुमेंट्समध्ये लागली. ही कंपनी साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात कापडाचे गठ्ठे असतात, त्यामुळे माणसाला आडवं होऊन चढावं लागतं. मालक मुकुंदराव सबनीस, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते वजनकाट्यांना लागणारा एक डबा बनवतात. फलाटाखालच्या सेन्सरकडून आलेला संकेत हा डबा मोजतो, आकडा पट्टीवर दाखवतो आणि चिठ्ठी छापायला लावतो. आत एक स्वस्त, जुन्या पद्धतीचा प्रोसेसर, आणि त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम.

रितिकाच्या सांगण्यावरून नत्थूजींनी हा डबा आपल्या काट्याला लावला, आणि चार महिन्यांनी ढोमणेंचे दोन ट्रक आले.

ढोमणे भंगाराचे व्यापारी. त्यांचे दोन ट्रक लागोपाठ चढले आणि दोघांचं वजन किलोला किलो सारखं आलं. एक ट्रक गच्च भरलेला होता, दुसरा अर्धाच होता हे रस्त्यावरून जाणाऱ्या गायीलाही दिसत होतं. पट्टीवरचा आकडा पहिल्या ट्रकवरच अडकून बसला होता. नत्थूजींनी चूक मान्य केली आणि दुसरा ट्रक पुन्हा चढवून नवी चिठ्ठी दिली. पण ढोमणे समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि चार लोकांत म्हणाले, "भोयर काटा मारून राहिला."

नत्थूजींनी ते ऐकलं. ते केबिनमध्ये गेले, पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं, आणि पाटी बाहेर टांगली: काटा बंद आहे. कारण विचारू नये.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी केबिनमध्ये येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. पेपर वाचायचे, डबा खायचे, संध्याकाळी कुलूप लावून घरी जायचे. घरी रितिकाशी बोलणं बंद. रितिकाची आई कुसुमताई मध्ये बसून दोघांचे निरोप पोहोचवत.

"ते म्हणतात, भाजीत मीठ कमी हाय."

"आई, भाजी तू केली. मले काहून सांगून राहिली?"

"ते माह्याशी बोलून नाही राहिले वं. तुह्याकडे पाहून बोलून राहिले."

रितिकाने डब्याचा आजार शोधायला घेतला. आकडा अडकतो हे खरं होतं, पण रोज अडकत नव्हता, आणि ऑफिसमध्ये आणून टेबलावर ठेवला की मुळीच अडकत नव्हता. अशा वेळी एक उपाय असतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, एक माग ठेवणारी सोय असते. यंत्र आत काय काय करत आहे याची नोंद ती क्षणाक्षणाला एका गोल साठ्यात टाकत जाते. हा साठा, म्हणजे बफर, रहाटासारखा असतो. पोहरे भरत फिरतात, फेरी पूर्ण झाली की जुनं पाणी सांडतं आणि त्यात नवं भरतं. गडबड झाली की रहाट थांबवायचा आणि शेवटच्या पोहऱ्यांत काय आहे ते बघायचं.

त्यासाठी आकडा अडकायला हवा होता, आकडा अडकायला ट्रक हवे होते, आणि काटा बंद होता.

रितिकाने आईला सांगितलं. आईने नत्थूजींना सांगितलं. नत्थूजींनी बराच वेळ पेपरातली हवामानाची चौकट वाचली आणि म्हणाले, "पाटी निघणार नाही. पण आपला टेम्पो हाय."

रविवारी सकाळी नत्थूजी स्वतः टेम्पोच्या स्टेअरिंगवर बसले. फलाटावर चढायचं, चिठ्ठी निघाली की उतरायचं, रस्त्याला वळसा घालून पुन्हा चढायचं. रितिका केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. टपरीवरचे ड्रायव्हर बाकावर रांगेने बसून पाहत होते. एकाने विचारलं, "नत्थूजी, काही हरवलं का?" नत्थूजींनी पाटीकडे बोट केलं आणि पुन्हा चढले.

जेवणाच्या सुट्टीनंतर आकडा अडकला. टेम्पो उतरून गेला तरी पट्टीवर टेम्पोचं वजन तसंच. रितिकाने रहाट थांबवून पोहरे उपसले. शेवटच्या दोन नोंदींमध्ये पाचशे चौऱ्याऐंशी वर्षांचं अंतर होतं.

तिने पुन्हा पाहिलं. तेवढंच होतं. असला आकडा पाहून बफरने स्वतःच धसका घेतला होता आणि पुढची नोंदच बंद केली होती. म्हणजे नेमकं जे पाहायचं होतं, त्याच्या तोंडाशीच माग संपत होता. पुन्हा टेम्पो चालवला, संध्याकाळी पुन्हा आकडा अडकला, आणि पुन्हा तेच. चोर पकडायला बसवलेला पहारेकरी दर वेळी चोरीच्या वेळीच बेशुद्ध पडत होता.

टेम्पोतून उतरल्यावर नत्थूजी थेट तिच्याशी बोलले. किती तरी दिवसांनी.

"भेटलं का?"

"नाही. डब्यात काय झालं हे सांगणारी जी गोष्ट आहे, तीच बिघडली आहे. आधी ती दुरुस्त करा लागते."

"ते कोणं बनवलं? सबनीसनं?"

"नाही. जगानं."

"मंग जगाले सांग," नत्थूजी म्हणाले आणि टेम्पो धुवायला गेले.

जगाला सांगायला तिला दीड महिना लागला. आधी चूक सापडायला हवी होती. गाभ्याच्या त्या भागातला कोड तिने रोज ऑफिसात, बाकीची कामं उरकून, ओळ ओळ वाचला. मुकुंदराव मधूनमधून खुर्ची ओढून शेजारी बसत. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, तसं ते सांगतही. पण समोर बसून कोणाला तरी समजावून सांगताना माणसाला आपली चूक दिसते, म्हणून ते बसत.

"सांगा पाहू मला, वेळ कशी लिहितो हा?" त्यांनी एकदा विचारलं.

"सर, वेळ म्हणजे फार मोठी संख्या. नवीन प्रोसेसर ती एका दमात लिहितात. आपला जुना आहे, तो दोन तुकड्यांत लिहितो. आधी वरचा अर्धा, मग खालचा."

"आणि मधे कोणी हाक मारली तर?"

रितिकाने लॅपटॉप पुढे ओढला. मुकुंदराव थोडा वेळ बसले आणि मग चहा सांगायला उठून गेले.

तेच होतं. दर चार-सव्वाचार सेकंदांनी खालचा अर्धा भरून शून्यावर येतो आणि वरचा एकाने वाढतो. नेमक्या त्या क्षणी, एक अर्धा लिहून झाला आणि दुसरा व्हायचा आहे अशा वेळी, बाहेरून एखाद्या यंत्राने प्रोसेसरला हाक मारली, तर प्रोसेसर हातातलं टाकून तिकडे धावतो. तिकडचीही नोंद व्हायची असते. ती नोंद आधीची वेळ वाचते, तर तिला एक अर्धा नवा आणि एक अर्धा जुना मिळतो. त्यातून निघालेली "आधीची" वेळ आत्ताच्या पुढची असते. दोघांतलं अंतर उणे येतं. पण बफरला उणे संख्या माहीत नाही, तो तिला अधिक समजतो, आणि पाचशे चौऱ्याऐंशी वर्षं होतात. ही चूक आजवर कोणाला भेटली नव्हती, कारण असला जुना प्रोसेसर घेऊन माग काढत बसणारं जगात फारसं कोणी उरलं नव्हतं.

तिने दुरुस्ती लिहिली: वेळ लिहून होईपर्यंत कोणाची हाक ऐकायचीच नाही. टेम्पो चालवून पाहिलं, चाललं. तिने ती ई-मेलने पाठवली. कर्नलच्या या भागाची राखण परदेशातला एक माणूस करतो. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, आणि त्यात नमस्कार नव्हता. चूक खरी आहे, त्याने लिहिलं होतं, पण उपाय चुकीचा आहे. माग ठेवणाऱ्याने कामाला थांबवायचं नसतं. नाडी पाहायला म्हणून गळा दाबलात, तर नाडी खरी कशी लागेल?

रितिकाने तो मेल बंद केला, जिन्यातून आडवी होऊन खाली गेली, साड्यांच्या दुकानासमोर उभी राहून एक पूर्ण प्लेट समोसा-तर्री खाल्ली, आणि वर आली. माणूस बरोबर बोलला होता. तिला राग त्याचाच आला होता.

दुसऱ्या खेपेला तिने वेळेच्या दोन्ही अर्ध्यांवर एकेक खूण ठेवली. दोन्ही खुणा सारख्या असल्या तर अर्धे एकाच वेळेचे. नसल्या तर अंतर काढायच्या भानगडीत न पडता आत्ताची पूर्ण वेळ लिहून मोकळं व्हायचं. कोणी थांबत नाही, कोणाला थांबवत नाही. राखणदाराने दोन ठिकाणी नावं बदलायला सांगितली आणि विचारलं, ही चूक तुम्ही घडवून कशी आणली ते लिहा, म्हणजे दुसऱ्यांना तपासता येईल.

तिने लिहिलं: माझ्या वडिलांनी एक छोटा टेम्पो वजनकाट्यावर दिवसभर चढवला आणि उतरवला.

त्याचं उत्तर आलं: ही थट्टा आहे का?

तिने लिहिलं: नाही.

पुढच्या आठवड्यात दुरुस्ती घेतली गेली. दुरुस्तीच्या वर्णनात टेम्पोचं वाक्य तसंच होतं. खाली तिचं पूर्ण नाव होतं. कुसुमताईंना तिने लॅपटॉपवर दाखवलं. कुसुमताईंनी चष्मा लावला, इंग्रजीत आपलं आडनाव शोधून काढलं आणि अक्षरं मोजून पाहिली.

"बरोबर लिहिलं," त्या म्हणाल्या. "लाइटच्या बिलावर अजून चुकीचंच येते."

आता पहारेकरी शुद्धीवर होता. नत्थूजींनी टेम्पो बाहेर काढला. या वेळी आकडा अडकला तेव्हा माग शेवटपर्यंत नीट मिळाला, आणि गुन्हेगार अगदी घरातला निघाला. प्रिंटरमध्ये चिठ्ठीचा कागद कधीमधी अडकायचा. अडकला की प्रिंटर प्रोसेसरला हाकांवर हाका मारायचा. म्हणूनच तर वेळेची ती दुर्मीळ चूक नेमकी त्याच वेळी व्हायची. आणि डब्यातला वजन दाखवणारा प्रोग्रॅम, प्रिंटर "झालं" म्हणेपर्यंत, नवीन वजन वाचायचंच नाही असं ठरवून बसलेला होता.

रितिकाने गांधीबागेत जाऊन ती ओळ मुकुंदरावांसमोर ठेवली.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही."

मुकुंदरावांनी ओळ वाचली. "लिहिली तेव्हा प्रिंटर नवीन होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांकडे मी स्वतः येतो."

ते आले. केबिनमध्ये उभे राहून नत्थूजींना म्हणाले, "चूक माझी होती. तुमच्या काट्याची नव्हती, मुलीचीही नव्हती." नत्थूजींनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "हे मले नका सांगू. ढोमणेले सांगा."

रितिकाने डब्यातली ती ओळ बदलली आणि ढोमणेंना बोलावणं गेलं. ते एक भरलेला आणि एक रिकामा ट्रक घेऊन आले, कारण त्यांचाही स्वभाव तपासूनच विश्वास ठेवायचा होता. रितिकाने मुद्दाम प्रिंटरचा कागद हाताने धरून ठेवला. प्रिंटर कुरकुरला. भरलेला ट्रक उतरला, आकडे शून्यावर आले. रिकामा चढला, आकडे त्याचे झाले. ढोमणेंनी रिकाम्या ट्रकचं वजन आपल्या कागदपत्रांशी ताडून पाहिलं.

"बरोबर हाय, नत्थूजी."

"इथं नाही गा," नत्थूजी म्हणाले. "जिथं बोलला होता, तिथं बोल."

ढोमणेंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने ओलांडून टपरीवर गेले. बाकावर पाच-सहा ड्रायव्हर होते. ढोमणे घसा साफ करून म्हणाले, "भोयरच्या काट्यात खोट नाही. प्रिंटरमध्ये होती. तेही आता दुरुस्त झालं."

"कोण भोयर?" अकोल्याकडच्या एका ड्रायव्हरने विचारलं.

"ते समोर. पाटीवाले."

नत्थूजींनी पाटी उतरवली होती, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने राखणदाराचा मेल आला. या वेळी त्यात नमस्कार होता. असल्या जुन्या प्रोसेसरवर कर्नलची नवी आवृत्ती तपासून पाहणारं आपल्याकडे आता कोणी नाही, तुम्ही तपासाल का, असं त्याने विचारलं होतं. मुकुंदरावांनी एक डबा दिला. गांधीबागेत दुपारी वीज जाते, म्हणून तो नत्थूजींच्या केबिनमध्ये फळीवर ठेवला. ठीक असलं की हिरवा दिवा, नसलं की लाल. सकाळी आल्यावर नत्थूजी आधी त्याच्याकडे बघतात.

उन्हाळ्यात एकदा त्यांचा फोन आला.

"तुहा डबा लाल होऊन राहिला."

"नवीन आवृत्ती पडली असंल, बाबा."

"पडली नाही. फळीवरच हाय."

रितिकाने तो बिघाड कळवला. तो खरा निघाला आणि दुरुस्तही झाला. राखणदाराने शेवटी लिहिलं की वडिलांना माझे आभार सांगा. तिने संध्याकाळी जेवताना सांगितले. नत्थूजींनी घास संपवला.

"त्याले म्हण, इकडं आला तं वजन फुकट करून देतो. गाडी कोणती हाय त्याच्यापाशी?"

रितिकाने खरंच विचारलं. उत्तर आलं, सायकल.

नत्थूजी विचारात पडले. "सायकल होत नाही," ते म्हणाले. "आपला काटा दोनशे किलोच्या खाली खरं नाही सांगत. त्याले म्हण, येशील तं सोबत दोघा-तिघाईले घेऊन ये."

रितिकाने तसं कळवलं.