डावी कुणाची?

फ्रिज नेहमीपेक्षा जरा जास्त घरघरला तरी ती उठून त्याला कान लावते. जेवताना तिची नजर पंख्यावर. घरात तिचं नाव पडलंय 'कानवाली'. सासरे म्हणतात, "यंत्र आजारी पडायच्या आधी हिला ताप येतो."

सासऱ्यांना बोलायचा हक्क आहे. रुग्णालयाच्या टेलिफोन विभागातला निरोपांचा सर्व्हर बावीस वर्षं त्यांनीच सांभाळला. ते निवृत्त झाल्यावर ती जागा सुनेने परीक्षा देऊन मिळवली. डॉक्टरांनी फोन उचलला नाही की रुग्णाचा आवाज या सर्व्हरमध्ये साठतो. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच निरोप. एक गेली तरी दुसरी तारून नेते.

सोमवारी सकाळी एक गेली. पडद्यावर ओळ उमटली: 'डिस्क १ निकामी.' सुट्टीच्या दोन दिवसांतले तीनशे अकरा निरोप अजून कुणी ऐकलेले नव्हते. कुठली डिस्क गेली ते दाखवणारे दिवे कधीच बंद पडलेले. त्यांच्या दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं फिरतोय. उरली सर्व्हरच्या माथ्यावर चिकटवलेली, सासऱ्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: '१ – डावी.'

"मग खेचा की डावी," विभागप्रमुख म्हणाले. "डॉक्टर माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत."

तिने डाव्या डिस्कला हात घातला, आणि काढून घेतला. चुकून चांगली खेचली तर सगळे निरोप गेले. पुन्हा हात, पुन्हा मागे. मग तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक डावीला टेकवलं, मूठ कानाला लावली. संथ गुणगुण. उजवीला टेकवलं. टक्. जरा थांबून पुन्हा टक्.

"चिठ्ठी डावी म्हणतेय ना?"

"चिठ्ठी म्हणतेय. डिस्क म्हणत नाही."

तिने घरी फोन लावला. "बाबा, ती चिठ्ठी लिहिताना उभे कुठे होतात?"

"उभा कशाला राहू? खुर्चीत होतो. सर्व्हरच्या मागे. समोर एसीचा झोत येतो, मान धरते."

"बावीस वर्षं मागेच बसलात?"

"म्हणून तर मान शाबूत आहे."

तिने उजवी खेचली. विभागप्रमुखांनी घाईघाईने एक निरोप लावून पाहिला. बाईचा आवाज आला: "डॉक्टर, टाके भिजलेत, काही होईल का हो?" ते डॉक्टरांना फोन लावायला गेले.

नव्या डिस्कवर निरोप उतरायला चार वाजले. तोवर ती एकदाही खुर्चीत टेकली नाही. उरलेली एकुलती डिस्क गुणगुणत होती आणि ही दर पाच मिनिटांनी तिला कान लावत होती.

जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. "म्हणजे माझी चिठ्ठी चुकीची?"

"चिठ्ठी बरोबर होती बाबा. खुर्ची चुकली."

सासरे हसले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "सर्व्हरच्या पंख्यांच्या वायरींवर अजून चार चिठ्ठ्या आहेत माझ्या. त्याही तिथूनच लिहिल्यात."

तिने हातातला घास ताटात ठेवला.