हात खाली, मशीन बंद

नागपूरच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानाला भोंगे लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बटण धरून बसलो. बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं यांची मशीन बिघडली. या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात, म्हणजे कानाचं माप. बाहेर आलो तर कागदावर एक रेघ होती. थोडी दूर बरी चालली होती, मग विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

"काका, कानाची नस कमजोर झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला जो आवाज येतो त्याला टिनिटस म्हणतात. तो बाहेर कुठेच नाही."

"म्हंजे मी येडा झालो का?"

"नाही हो. कानातून आवाज कमी जायला लागला की मेंदू आपलाच आवाज करत बसतो. काम काय करत होतात?"

जिनिंगात होतो, असं सांगितलं. आधी सौंसरच्या, मग पांढुर्ण्याच्या. कापसातून सरकी काढायच्या मशिनींपाशी सारा जन्म गेला. डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, अशा कामात बारीक आवाज आधी जातात. चिमण्या, कुकरची शिट्टी, बायकांचा आणि लेकरांचा आवाज. माणसांचा जाड आवाज टिकतो.

माझी मुलगी सुनीता बाजूला बसली होती. ती रडायला लागली. मी नाही रडलो. मला शांताचं बोलणं आठवलं. शांता म्हणजे माझी बायको. ती म्हणायची, "गावातल्या माणसायचं बरं आयकू येते तुमाले. माहंच येत नाही." सहा वर्षं ती कान दाखवा म्हणून मागं लागली होती. मी म्हणायचो, तूच हळू बोलते.

चौथी शिकलेला माणूस आहे मी. लिहितो ते यासाठी, की तुमच्याही घरी कोणी असं म्हणून राहिलं असेल तर आधी जाऊन कान दाखवा. माझी गोष्ट मग वाचा.

त्या दिवशी एक प्रश्न डॉक्टरांना विचारायचा होता. विचारला नाही. 

शांता भर दुपारी गेली. पांढुर्ण्याच्या घरी मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी समोरच्या खोलीत कूलरपुढं पडलो होतो. पाणी प्यायला मागं गेलो तर ती मोरीपाशी आडवी. हार्ट अटॅक होता म्हणाले. तिनं मला हाक मारली असेल का? मला वाटत राहायचं, की मारली होती. मला काहीतरी ऐकू आलं होतं, चहाला बोलावून राहिली समजून मी कूस बदलली. मग वाटायचं, हे मी नंतर मनानं बनवलं. हे मी सुनीतालाही सांगितलं नव्हतं.

तेरवी झाली आणि कानात आवाज सुरू झाला. शिट्टी व्हायच्या आधी कुकर सूं करतो ना, तसा. कुकर मात्र उतरवता येतो. मला वाटायचं, ही तिचीच हाक आहे, अजून लांबत चालली आहे.

सुनीता मला सौंसरला आपल्या घरी घेऊन आली. ती आणि जावई दोघं शाळेत शिकवतात, लहान नातीला पाळणाघरात सोडून जातात. दिवसभर घर चिडीचूप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी शांत जागी बसू नका, बारीकसा आवाज जवळ असू द्या. पंख्याचा, पाण्याचा. हा रोग जात नाही, पण त्याच्याकडे लक्ष जाणं कमी होतं. कानात मशीन बसवायला दीड महिन्यानं या. मी पंखा लावून बसायचो. पंख्यातही हाक यायची. देवळात गेलो तर घंटा वाजली की कानात सुरी फिरायची.

गल्लीच्या टोकाला मशीद आहे. एका दुपारी घरी बसवेना म्हणून निघालो तर तिथून पाण्याचा आवाज आला. नमाजाआधी हातपाय धुतात तिथं दहाबारा नळ आहेत, समोर बसायला सिमेंटचे ओटे. माणसं धुऊन आत गेली. मी चप्पल काढून ओट्यावर बसलो, एक नळ सोडला आणि डोळे मिटले. काय सांगू, महिन्याभरात पहिल्यांदा खांदे खाली आले.

नळ बंद झाला. डोळे उघडले तर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा.

"नळ तेरे बाप का है क्या? टाकी खाली होऊन राहिली!"

असं म्हणून त्यानं उघडा तळवा छातीपासून खाली नेला, दोन वेळा. त्या हातावरून मी त्याला ओळखलं.

जिनिंगात बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही. आमचं सगळं हातावर चालायचं. पट्टा घसरला, माल आण, साहेब आला, विडी दे. तळवा खाली दोन वेळा म्हणजे मशीन बंद. मी दोन बोटं ओठाला लावली. विडी दे. तो बघतच राहिला.

"देवराव? अबे, तू जिंदा है?"

रशीदभाई. सौंसरच्या जिनिंगात माझ्या बाजूच्या मशिनीवर होता. आता इथं अजान देतो. त्याचे कान माझ्याहून गेलेले. म्हणे, अजान घड्याळ पाहून देतो, स्वतःचीच अजान स्वतःला नीट ऐकू येत नाही.

इमामसाहेब म्हणाले, बसू द्या काकांना, नळ तेवढा उघडा सोडू नका. मी रोज चारच्या पुढं जायला लागलो. शेजारीण म्हणाली, "भाऊजी, मशिदीत काय करून राहिले?" मी म्हटलं, "नळ आयकून राहिलो." 

पाण्याचा आवाज पाच-दहा मिनिटांचाच. मग सगळे रांगेत उभे राहतात आणि त्या वेळेची नमाज मनातल्या मनात असते. एकदम शांत. पहिल्या दिवशी मी उठून पळालो. नंतर नंतर बसून राहिलो. कानात सूं चालूच होतं. पण घरी शांतता झाली की मी हाकेची वाट पाहायचो, श्वास धरून. इथं माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी. इथं मला कोणी हाक मारणार नव्हतं. हे समजलं आणि बरं वाटलं. नमाज संपून माणसं बाहेर आली तेव्हा ध्यानात आलं, की मघापासून मी आवाजाकडे पाहिलंच नाही.

एक दिवस रशीदभाईनं हातानं विचारलं, बायको? तोंडानं मला सांगता आलं नसतं. हातानं सांगितलं. ती मागं. मी पुढं. तिनं हाक मारली. मी कानाला हात लावला, मग झोपल्यासारखी मान केली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

 त्यानं माझं बोट धरून छातीवरून काढलं. आपल्या कानाकडे दाखवलं, मशिदीकडे दाखवलं, डोकं हलवलं. माझी अजान मला ऐकू येत नाही, तुला मागच्या अंगणातली हाक कुठून येईल? आणि तळवा खाली, दोन वेळा.

मशीन बसवायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, तिची हाक मला ऐकू आली होती का. सुनीतासमोरच विचारलं. त्यांनी तो कागद काढला, रेघ जिथं खाली पडते तिथं पेन ठेवला.

"बाईंचा आवाज इथं असतो, काका. मधे भिंत, जवळ कूलर. तुम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. ऐकून कूस बदलली, हे मनानं नंतर जोडलेलं."

सुनीता म्हणाली, "बाबा, येवढं घेऊन बसले होते? मले काहून नाही सांगितलं?"

माझी काहीच चूक नाही, असं मी म्हणत नाही. ती सहा वर्षं सांगत होती आणि मी कान दाखवले नाहीत, ही चूक माझीच. ती माझ्याजवळ राहील. पण हाक ऐकून मी पडून राहिलो नव्हतो. त्या दिवशी सौंसरला येताना मी गाडीत झोपलो.

आता हिअरिंग एड आहे, म्हणजे कानातली मशीन. चिमण्या ऐकू येतात. नात बोबडं बोलते ते ऐकू येतं. सूं गेलं नाही. कधी कधी वाढतं. तेव्हा मी तळवा छातीपासून खाली नेतो. थांबत नाही ते, पण मी थांबतो. मग चारच्या पुढं मशिदीकडे निघतो. रशीदभाई लांबूनच ओठाला दोन बोटं लावतो. विड्या आम्ही दोघांनी कधीच्या सोडल्या आहेत.