आधी वही, मग तोंड

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडसमोर विजेचे जेवढे खांब आहेत, तेवढ्यांवर एकेक बोर्ड लटकतो: ‘तीस दिन में फर्राटेदार अंग्रेजी’. तो दिसला की माझं डोकं भडकतं. तीस दिवसांत कैरीचं लोणचं धड मुरत नाही, आणि हे म्हणे भाषा शिकवणार! माधव नगरच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हिंदी मीडियमच्या मुली, घरी कोणाची मराठी, कोणाची माळवी, आणि पेपर इंग्रजीचा. त्यांचा पाया मी भरून दिला. रोज दहा शब्द. वहीत चार रकाने: शब्द, अर्थ, त्याची रूपं आणि शेवटी स्वतः रचलेलं वाक्य. वाक्य चुकलं की लाल पेन, आणि ते बरोबर होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. ‘आधी वही, मग तोंड’ हा माझा नियम. माझ्या बाईंनी मला तसंच शिकवलं होतं, हातावर पट्ट्या मारून. मी पट्टी कधी उचलली नाही, एवढं मात्र सांगते.

रिटायर झाल्यावर पुढच्या वर्षी पुण्याची माझी चुलत बहीण महाकालच्या दर्शनाला आली. आमच्या घरात रंगकाम चाललं होतं, म्हणून तिला एका हॉटेलात उतरवलं. सकाळी भेटायला गेले तर हिनं सुरू केलं. मी म्हटलं, “रात्री गर्दीनं परेशान झाली असशील.” तर म्हणते, “अगं, परेशान काय? हैराण म्हण. तुमचं उज्जैनचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच!” मला असा राग आला! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आम्ही घरात मराठी टिकवली, ती काय हिच्याकडून चुका काढून घ्यायला? “तुला समजलं ना? मग झालं तर!” असं फटकन म्हणून मी खोलीबाहेर आले.

बाहेर पॅसेजमध्ये एक दक्षिणेकडची म्हातारी भिंतीला धरून उभी होती. तमिळ की तेलुगू, मला ओळखता आलं नाही. ही मंडळी बसा भरभरून येतात, हिंदी बऱ्याच जणांना येत नाही, मग त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. तिच्यासमोर फरशी पुसणारी बाई बादली खाली ठेवून बोलत होती. “अम्मा, नो वॉक. लेग पेन, आय नो. आय ऑल्सो लेग पेन. यू सिट, आय ब्रिंग चेअर. रामघाट ऑटो गो. स्टेप्स स्लो-स्लो, हँड होल्ड.” म्हातारी खळखळून हसली, तिच्या गालाला हात लावला, काहीतरी विचारलं. हिनं उत्तर दिलं. पाच-सात मिनिटं दोघींचं चाललं होतं. माझ्या कानात कोणी खडे टाकतंय असं मला झालं.

ती वळली तेव्हा चेहरा ओळखीचा निघाला. आमच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत भाड्यानं राहायची, आमच्यासारखीच मराठी. मी तिथेच धरलं तिला. “अगं, काय बोलत होतीस हे? एक क्रियापद जागेवर नाही!”

ती ओढणी तोंडावर धरून हसली. “चालून जातं, काकू.”

“चालून जातं म्हणूनच तू फरशा पुसतेयस,” मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे.

तिचं हसू गेलं. मग तिनं सांगितलं. वय छत्तीस आणि दोन्ही गुडघे गेलेले. दिवसातून दोनदा चार मजले, बादली घेऊन. डॉक्टर म्हणाले, जिने बंद करा नाहीतर पाय बंद होतील. काउंटरवरची मुलगी लग्न करून दिवाळीनंतर जाणार होती, आणि मालक म्हणाले होते की इंग्रजी जमली तर तिथे तुझा विचार करू. “मला बाकी काही नको, काकू,” ती म्हणाली. “फक्त ती खुर्ची पाहिजे.”

“उद्यापासून चारला ये,” मी म्हटलं. “खुर्ची तुझी, समज!”

सहा महिने ती आली. ड्यूटी संपली की तशीच यायची, आधी जमिनीवर पाय लांब करून बसायची आणि मग वही उघडायची. एक दिवस चुकवला नाही. मीही कसर सोडली नाही. रोज दहा शब्द, चार रकाने. पहिल्या महिन्यात तिचं पान लालेलाल व्हायचं. ती काही बोलायला गेली, की मी हात वर करायची. “थांब. लिही आधी.” कधी सवयीनं “आय गो मार्केट” असं सुटलं, की मी डोळे वटारायची आणि ती जीभ चावायची. तिसऱ्या महिन्यात लाल कमी झालं. पाचव्या महिन्यात तिची आख्खी पानं कोरी सुटायला लागली, म्हणजे माझ्या पेनापासून. मी शेजारणींना बोलावून ती वही दाखवली. तीस दिवसवाल्यांना आणून दाखवा म्हटलं!

याच दिवसांत तिची बडबड कमी झाली. मी म्हटलं, बरं झालं, गंभीर झाली. एकदा ती म्हणाली, “काकू, आता गेस्टशी बोलायला गेलं ना, की वाक्य आधी मनात लिहावं लागतं. तोपर्यंत ते निघून जातात.” मी काय म्हणावं? मी “शाब्बास!” म्हटलं! म्हटलं, याला म्हणतात शिकणं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. पोरगी मला तोंडावर सांगत होती काय होतंय ते, आणि मी तिची पाठ थोपटत होते.

दिवाळीनंतर मालकांनी बोलावलं. परीक्षा घ्यायला त्यांचा जावई इंदूरहून आला होता. मी मुद्दाम सोबत गेले आणि लॉबीतल्या सोफ्यावर बसले. अजून एक मुलगी आली होती, देवासची, केस सोडलेले, त्याच तीस दिवसांच्या क्लासमधून निघालेली. मी मनात म्हटलं, हिला हरवणं काय कठीण आहे!

जावयानं प्रश्न विचारलेच नाहीत. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून एक गेस्ट खाली आला. दक्षिणेकडचाच. गीझर बंद, आईला आंघोळ करून दर्शनाला जायचंय, असं काहीसं तो घाईघाईनं इंग्रजीत म्हणत होता. जावई आमच्या हिला म्हणाला, “आप बात कीजिए.”

ती उभी राहिली. दोन्ही हात काउंटरवर. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती काय करतेय ते त्या लॉबीत फक्त मला कळत होतं. ती वाक्य तपासत होती. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी अभिमान वाटला. आता येईल, म्हटलं, बिनचूक येईल. तो माणूस म्हणाला, “हॉट वॉटर? हॉट वॉटर, मॅडम?” हिचे ओठ पुन्हा पहिल्यापासून हलायला लागले. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि हिनं मान खाली घातली.

मग देवासची पुढे झाली. “सर, गीझर प्रॉब्लेम, आय अंडरस्टँड. मॅन सेंडिंग, टेन मिनिट. मदर वेट, टी ड्रिंक?” तो माणूस हसला, थँक्यू म्हणाला आणि वर गेला.

मी ताडकन उठले. “ये क्या अंग्रेजी है? एक भी वाक्य सही नहीं था!”

जावई शांतपणे म्हणाला, “आंटीजी, उनको समझ में तो आ गया ना? वो बोली. ये तो बोली ही नहीं.”

“इसकी कॉपी देखिए आप!” मी पर्समधून वही काढून काउंटरवर आपटली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. देवासच्या मुलीला म्हणाला, पहिल्या तारखेपासून या.

आमची ही मागच्या जिन्याकडे गेली होती. शिफ्ट संपली नव्हती तिची. जिन्याखाली नळ आहे, तिथे ती बादली भरत होती. मी तिथे जाऊन सगळा राग ओकला. जावयाला अक्कल नाही म्हटलं, मालक लबाड आहे म्हटलं, देवासच्या मुलीला तर नको नको ते बोलले. ही दुनियाच फालतू लोकांची आहे, तू हिंमत सोडू नकोस, आपण अजून मेहनत करू, आता मी तुला रोज पंधरा शब्द देते, म्हटलं.

तिनं नळ बंद केला. फिनाईल टाकलं, फडकं बुडवलं, पिळलं.

“काकू,” ती म्हणाली, “पहिले मला बोलता येत होतं.”

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला भांडता येतं. चौथ्या मजल्याच्या खोल्या राहिल्या होत्या, आणि लिफ्ट गेस्टसाठी असते. तिनं एका हातात बादली घेतली, दुसऱ्यानं कठडा धरला आणि चढायला लागली. आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा.